शुद्धिपत्र आणि स्टॅक ट्रेस

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षानिमित्त वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



व्याख्यानाचा विषय कळवावा, असे कार्यवाहांचे पत्र आले, तेव्हा मी 'संगणकाच्या भाषांतील त्रुटिसंदेश' एवढेच लिहून पाठविले. दुसऱ्याच दिवशी त्यांचा दूरध्वनी आला. "ताई, आपले श्रोते बहुतेक साठीच्या पुढचे. त्यांना यातले काय कळावे?" मी म्हटले, "त्यांनाच कळेल. शुद्धिपत्र वाचणारी शेवटची पिढी ती." तेव्हा आरंभ तिथूनच करते.

जुन्या मराठी पुस्तकाच्या शेवटी, क्वचित प्रस्तावनेच्या आधी, शुद्धिपत्राचे एक पान असे. चार रकाने: पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. खिळे जुळविताना उलटा बसलेला एखादा टाइप, मुद्रितशोधकाच्या नजरेतून निसटलेले ऱ्हस्वदीर्घ, कधी अर्थाचा अनर्थ करणारा गळालेला 'न'. ओळ पानाच्या तळाशी असेल तर आकड्यापुढे 'खालून' असे छापलेले असे, म्हणजे वाचकाला सगळे पान मोजीत बसावे लागू नये. माझे वडील या ग्रंथालयातून पुस्तक घरी आणीत, तेव्हा पहिल्या संध्याकाळी ते वाचीत नसत. शिसपेन्सिल घेऊन शुद्धिपत्रातील प्रत्येक दुरुस्ती आत त्या त्या जागी करीत आणि मग दुसऱ्या दिवसापासून वाचावयास घेत. पुस्तकावर खुणा करू नयेत, ही पाटी देवघेवीच्या टेबलामागे तेव्हाही होती. नियमभंगाची कबुली आज त्यांच्या वतीने देऊन टाकते.

या चार रकान्यांत किती शहाणपण आहे पाहा. नुसते 'पृष्ठ ११२ वर चूक आहे' असे म्हटले असते तर वाचक अख्खे पान चाळीत बसला असता. पृष्ठ आणि ओळ सांगितली तरी ओळीत दहा शब्द. म्हणून अशुद्ध शब्दच पुढे ठेवला की नजर नेमकी तिथे पडते. पृष्ठ, ओळ, शब्द अशा या तीन पायऱ्या. आमच्या धंद्यात पृष्ठाच्या जागी फाइल असते, एवढाच फरक. मात्र संगणकाच्या अनेक भाषांना तिसऱ्या पायरीवर नीट पाय ठेवावयास फार वर्षे लागली. आजचे बोलणे मुख्यतः त्या पायरीविषयी आहे.

केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या यंत्राने ६ मे १९४९ रोजी आपला पहिला प्रोग्रॅम चालविला. या प्रकल्पाचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत एक प्रसंग लिहून ठेवला आहे. यंत्राकडे जाण्यायेण्याच्या जिन्यावर एके दिवशी त्यांना एकाएकी उमगले की, आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच प्रोग्रॅममधील चुका शोधण्यात जाणार. ज्याने ज्याने हा व्यवसाय केला त्याला त्या जिन्याची पायरी ओळखीची वाटते. विल्क्स यांचे सहकारी स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली, एडसॅकवरील प्रोग्रॅममधील चुकांचे निदान कसे करावे, या विषयावर स्वतंत्र निबंधच लिहिला. यंत्र अडून थांबले की त्याच्या स्मृतीत काय उरले आहे ते छापून पाहावयाचे, याला ती मंडळी 'पोस्टमॉर्टेम' म्हणत. गिल यांनी दुसरा उपाय सांगितला. प्रोग्रॅम चालत असतानाच तो कोणकोणत्या आज्ञा पाळतो आहे त्यांची अक्षरे एकामागून एक छापीत जावयाची. आपण ज्याला माग काढणे म्हणतो तेच हे.

याच केंब्रिजमध्ये आपणां सर्वांना कौतुक वाटेल अशी एक गोष्ट घडली. नेहमी लागणारी छोटी गणिते, म्हणजे वर्गमूळ काढणे किंवा आकडे छापणे, प्रत्येकाने नव्याने लिहू नयेत म्हणून ती छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर तयार करून एका कपाटात ठेवलेली असत. हवी ती फीत काढावी, आपल्या फितीवर तिची नक्कल करावी आणि मूळ फीत पुन्हा जागेवर ठेवावी. या कपाटाला ते 'लायब्ररी' म्हणत. आज जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारा हा शब्द आरंभी केवळ अलंकारिक नव्हता. खरोखरीच कपाट होते आणि जिथून घेतले तिथे परत ठेवण्याची शिस्तही होती. विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांनी १९५१ साली या पद्धतीवर पुस्तक लिहिले.

या फितींमधून एक प्रश्न उभा राहिला. मुख्य काम अर्धवट सोडून उपकामाकडे जावयाचे, तर ते आटोपल्यावर परत नेमके कुठे यावयाचे? डेव्हिड व्हीलर यांनी युक्ती काढली. जाताना परतीचा पत्ता सोबत द्यावयाचा आणि उपकामाने तो आपल्याच शेवटच्या आज्ञेत लिहून ठेवावयाचा. युक्ती सुरेख होती. परंतु पत्ता ठेवावयास जागा एकच. ते काम संपण्यापूर्वी त्यालाच कुणी पुन्हा बोलाविले तर पहिला पत्ता पुसला जाणार.

पुढे यावर निघालेला उपाय तुम्ही घरी रोज करता. समजा, आपण ज्ञानेश्वरी वाचीत आहात. एक शब्द अडला. पानात खुणेची चिठ्ठी घालून पोथी मिटली, तिच्यावर शब्दकोश उघडला. कोशात 'अमुक शब्द पाहा' असे निघाले. तिथे दुसरी चिठ्ठी घालून त्यावर तिसरे पुस्तक ठेवले. काम झाले की वरचे पुस्तक बाजूला, मग त्याखालचे, आणि शेवटी पुन्हा पोथी. चिठ्ठी घातलेल्या पुस्तकांची ही जी थप्पी, तिलाच आम्ही स्टॅक म्हणतो. (ग्रंथपालांच्या बोलण्यात स्टॅक म्हणजे पुस्तकांच्या मांडण्या. तो स्टॅक निराळा, पण नाते आहेच.) बावर आणि झामेलझोन या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी १९५७ साली या कल्पनेवर एकस्व मागितले, आणि १९६० च्या सुमारास ती संगणकाच्या भाषांत स्थिरावली.

आता समजा, तिसरे पुस्तक उघडले आणि हवे ते पानच फाटलेले निघाले. काम थांबले. काय झाले हे पाहावयास कुणी आले, तर तो थप्पीतील चिठ्ठ्या वरून खाली वाचीत जाईल: या पुस्तकाच्या या पानासाठी कोशाच्या या ओळीवरून आलो, कोशाकडे पोथीच्या या ओवीवरून आलो. ही वाचलेली यादी म्हणजे स्टॅक ट्रेस. प्रोग्रॅम कोसळला की पडद्यावर जी भरभर मजकुराची भिंत उभी राहते, ज्या भिंतीला नवशिके घाबरतात, ती एवढीच असते.

पण नीट विचार केला तर एक बारीक गोष्ट ध्यानात येते. चिठ्ठी आपण कुठून आलो हे सांगण्यासाठी घातलेली नसते, परत कुठे जावयाचे आहे यासाठी असते. बहुतेक वेळा दोन्ही एकच, म्हणून आपले भागते. पानातला अगदी शेवटचाच शब्द अडला असेल आणि त्यानंतर वाचावयाचे काही नसेल, तर चतुर वाचक चिठ्ठी घालीतच नाही, पुस्तक मिटून बाजूला ठेवतो. स्कीम, अरलॅंग यांसारख्या भाषा अशीच काटकसर करतात. थप्पी उंच होत नाही हा लाभ, पण माग काढताना मधला दुवा सापडत नाही. अरलॅंगमध्ये तर २०११ च्या अखेरीस आलेल्या पंधराव्या आवृत्तीपर्यंत ट्रेसमध्ये ओळीचा क्रमांकच नसे. कोणत्या प्रकरणातील कोणते काम, इथपर्यंतच माहिती मिळे.

यादी कोणत्या टोकाकडून वाचावी, याविषयीही एकमत नाही. जावा ही भाषा सर्वांत ताजी नोंद वर छापते. पायथन उलट करते, जुनी वर आणि ताजी तळाशी, आणि तसे मथळ्यातच सांगते. मला स्वतःला पायथनची रीत बरी वाटते, कारण मजकूर सरकत गेला तरी पडद्यावर शेवटी उरते ती तळची ओळ. मात्र दोन्ही भाषांत काम करणाऱ्याची पहिली काही वर्षे वरून की खालून या घोळातच जातात.

आता एक घडलेली हकिकत सांगते. ती माझ्या वाट्याची आहे, आणि तीत माझी बाजू चांगली नाही.

२००३ साल. एका कार्यालयातील निवृत्तिवेतनाची मासिक यादी बँकेसाठी तयार करणारा प्रोग्रॅम आम्ही जावामध्ये लिहिला होता. कार्यालयाचे नाव सांगत नाही, आमच्या संस्थेचेही नाही. महिनाअखेरीस यादी निघता निघता प्रोग्रॅम थांबला. ट्रेस छापून घेतला, तो दीड पान भरला. त्यातील आम्ही लिहिलेल्या ओळी तीन, बाकीच्या सगळ्या दुसऱ्यांच्या सामग्रीतील. पहिल्या ओळीत दोषाचे नाव होते: नल पॉइंटर. म्हणजे जिथे काहीतरी असावयास हवे तिथे काहीच नाही. दुसऱ्या ओळीत आमच्या फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक.

त्या ओळीत मी एका दमात तीन गोष्टी विचारल्या होत्या: या व्यक्तीचे बँकखाते, त्या खात्याची शाखा, त्या शाखेचा सांकेतिक क्रमांक. तिन्हींपैकी एक रिकामे होते. कोणते, हे ट्रेस सांगत नव्हता. कुणाच्या नोंदीवर अडले, हेही नाही. शुद्धिपत्रात पृष्ठ आहे, ओळ आहे, अशुद्ध शब्दाचा रकाना मात्र कोरा, असा प्रकार.

आम्ही सोयीचा अर्थ घेतला. खाते क्रमांक भरण्याचे काम त्या कार्यालयातील एका ज्येष्ठ लिपिकाकडे होते. नोंदी चाळल्या, एक कोरे खाते सापडले, आणि प्रकरण मिटले असे आम्हांला वाटले. माझ्या वरिष्ठांनी ट्रेसचा कागद टिपणाला जोडून पुढे पाठविला. दोन दिवसांत त्या गृहस्थांना ज्ञापन मिळाले: खाते क्रमांक न भरल्यामुळे यादीस विलंब. ते आपली नोंदवही घेऊन माझ्या टेबलाशी आले. "बाई, हे खाते मयताचे आहे. ते मुद्दाम मोकळे ठेवलेले आहे. यादीत ते यायचेच नाही." मी वही पाहिली, मान हलविली आणि पुन्हा पडद्याकडे वळले.

कोरे खाते भरून प्रोग्रॅम पुन्हा चालविला. त्याच ओळीवर थांबला. मग मी प्रत्येक नोंद छापीत गेले, गिल यांच्या १९५१ च्या रीतीने, तेव्हा ते नाव आणि ते नाव कोणत्या कारणाने अडले ते मी ओळखू शकले नव्हते. खाते भरलेले होते. शाखा त्याच वर्षी उघडलेली होती, आणि शाखांची सूची मी आदल्या वर्षीची घातली होती. यादी चार दिवस उशिरा निघाली. बँकेपुढच्या रांगेत ज्यांनी ते चार दिवस काढले त्यांतले काही या सभागृहात असू शकतील.

मी माझी चूक वरिष्ठांना सांगितली. ती कार्यालयाला लेखी कळवावी, असे आमच्या संस्थेला वाटले नाही. ज्ञापन जिथे होते तिथेच राहिले.

या रिकाम्या जागेचे जनक टोनी होअर. १९६५ साली एका भाषेची रचना करताना त्यांनी 'काहीच नाही' असे दाखविणारी खूण ठेवली, कारण ती करणे फार सोपे होते, आणि २००९ साली एका व्याख्यानात हीच आपली शंभर कोटी डॉलरची चूक असे ते स्वतः म्हणाले. जावामध्ये या दोषाचा संदेश नीट सांगता झाला तो मार्च २०२० मधील चौदाव्या आवृत्तीत, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पंधराव्या आवृत्तीपासून ती सोय न मागता मिळू लागली. आता संदेश सांगतो की, शाखेचा क्रमांक विचारता आला नाही, कारण 'शाखा द्या' या मागणीचे उत्तर रिकामे आले. युक्ती अशी की, यासाठी आधीपासून काहीच जादा लिहून ठेवावे लागत नाही. दोष घडून संदेश मागितला गेला, की यंत्र आपल्याच आज्ञा पुन्हा तपासून रिकामी जागा कोणत्या मागणीतून आली ते शोधते. हा संदेश वाचावयास २००३ साली दहा सेकंद लागले असते.

पायथनने हेच काम वेगळ्या वाटेने केले. ऑक्टोबर २०२१ मधील ३.१० या आवृत्तीने आधी व्याकरणाच्या चुकांना हात घातला. कंस उघडला आणि मिटावयाचा राहिला, तर पूर्वी संदेश बोट ठेवीत असे ते पुढच्या, सर्वथा निरपराध ओळीवर, कारण वाचणारा तिथे येऊन अडे. नव्या आवृत्तीने उघड्या राहिलेल्या कंसावरच बोट ठेवून, हा कधी मिटलाच नाही, असे स्पष्ट म्हणावयास सुरुवात केली. एखाद्या नावाचे स्पेलिंग चुकले तर 'तुम्हांला अमुक म्हणावयाचे होते काय' असे ती विचारतेही.

ऑक्टोबर २०२२ मधील ३.११ या आवृत्तीने तिसरी पायरी गाठली. ट्रेसमध्ये मूळ ओळ जशीच्या तशी छापून तिच्याखाली, नेमक्या अडलेल्या तुकड्याखाली, टोपीसारख्या खुणांची रांग येऊ लागली. पोथ्यांच्या अभ्यासकांना ही खूण नवी नाही. नक्कल करताना गळालेले अक्षर कुठे घालावयाचे ते दाखविण्यासाठी लेखनिक जे काकपद काढीत, तेच हे. आमच्या त्या ओळीत शाखेखाली काकपद उमटले असते.

ही सोय फुकट आली नाही. प्रत्येक आज्ञा ओळीतील कितव्या स्थानापासून कितव्या स्थानापर्यंतची, हे जपून ठेवावे लागते. पायथनच्या स्वतःच्या सामग्रीच्या भाषांतरित फाइली त्यामुळे सुमारे २२ टक्क्यांनी फुगल्या. चूक झालीच नाही तर त्या माहितीचा उपयोग शून्य. यावर वाद झाला, नको असेल त्यांच्यासाठी ती बंद करण्याची सोयही ठेवली गेली. मला तो खर्च जड वाटत नाही. शुद्धिपत्राचे पानही कागद खातेच.

एक गंमत सांगून पुढे जाते. पायथनमध्ये नावे देवनागरीत ठेवता येतात. मी हौसेने एका गोष्टीला 'पुस्तक' असे नाव दिले आणि मुद्दाम चूक केली. काकपदे उमटली, पण उजवीकडे सरकलेली. 'पुस्तक' हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा. संगणकाच्या हिशेबी त्यात सहा खुणा: प, उकार, स, हलन्ताचे चिन्ह, त आणि क. उकाराला आणि हलन्ताला स्वतःची रुंदी नसते, हे त्या हिशेबात धरलेले नव्हते. रोमन लिपीत बोट अचूक जागी, आपल्या लिपीत शेजारच्या शब्दावर. येथील तरुण सभासदांपैकी कुणाला हे काम हाती घ्यावेसे वाटले तर अवश्य घ्यावे. पायथनची सामग्री सर्वांना खुली आहे.

बाकी अडचणी पुष्कळ आहेत. दीड पानाच्या यादीत आपल्या तीन ओळी कोणत्या, हे रंगाने किंवा ठशाने वेगळे दिसावे. पायथनने ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ या आवृत्तीत ट्रेस रंगीत केला. एखादे काम स्वतःलाच बोलावीत सुटले तर पूर्वी तीच ओळ सुमारे हजार वेळा छापली जाई; आता 'मागील ओळ इतक्या वेळा' असे म्हणून ती आवरते. काम सांगून सांगणारा निघून गेला आणि उत्तर मागाहून आले, तर थप्पीत त्याची चिठ्ठीच सापडत नाही. जावास्क्रिप्टच्या मंडळींनी २०१९ च्या सुमारास हा दुवा बराचसा जोडून दिला.

ट्रेसमध्ये जागेबरोबर प्रत्यक्ष मजकूरही छापावा काय, हा प्रश्न मात्र मला सुटलेला वाटत नाही. तो छापला असता तर कुणाची नोंद अडली ते त्याच संध्याकाळी कळले असते. पण मग त्या व्यक्तीचा खाते क्रमांक टिपणाला जोडलेल्या कागदावरून चार टेबले फिरला असता. दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत आणि माझे मत अजून डुलते आहे. ट्रेस गिळून टाकून 'काही अडचण आली, थोड्या वेळाने प्रयत्न करा' एवढेच दाखविणारे जे प्रोग्रॅम असतात, त्यांच्याविषयी मात्र माझे मत डुलत नाही. लोकांना ट्रेस दाखवू नये हे योग्य. पण तो कुठेच नोंदवू नये, हा अपराध होय.

ते गृहस्थ या ग्रंथालयाचे सभासद होते. निवृत्तीनंतर सकाळी खाली वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसत. कित्येकदा मी जिन्यावरून त्यांना पाहिले आणि वर निघून गेले. २००७ साली एका सकाळी जाऊन समोर बसले आणि म्हटले, "काका, ती चूक माझी होती." शाखांच्या सूचीचे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, दुसऱ्या दिवशी येण्यास सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी पिशवीतून तो कागद काढला. ज्ञापनासोबत आलेली ट्रेसची प्रत त्यांनी चार वर्षे जपून ठेवली होती.

"ओळ कोणती?" त्यांनी विचारले.

"दुसरी."

"वरून की खालून?"

"वरून."

त्यांनी शिसपेन्सिलीने त्या ओळीखाली रेघ ओढली. मग कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर चार रकाने आखले. पृष्ठ १. ओळ २, वरून. अशुद्ध: खाते नाही. शुद्ध: शाखा नाही. आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "इथे सही करा. तारीख घाला." मी सही केली. त्यांनी तारीख नीट वाचून पाहिली, कागदाची घडी घातली आणि समोरचे वर्तमानपत्र पुन्हा उचलले.